पालकांना प्रेक्षक ठेवून विज्ञान शिकवता येणार नाही

दर वर्षी हिवाळ्यात तालुका आणि जिल्हा पातळीवरची विज्ञान प्रदर्शने भरतात. टेबलांवर थर्माकोलची धरणे, ठिबक सिंचनाच्या प्रतिकृती आणि खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांनी फेसाळणारे ज्वालामुखी मांडलेले असतात, आणि त्यांच्यामागे पाठ केलेली माहिती एका दमात सांगणारी मुले उभी असतात. यातल्या कितीतरी प्रतिकृती घरातल्या मोठ्या माणसाने रात्री जागून केलेल्या असतात किंवा स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेल्या असतात, हे मुलांना, शिक्षकांना आणि परीक्षकांना सारखेच ठाऊक असते. कोणाचेच नुकसान होत नाही असे वाटत असल्यामुळे ही पद्धत वर्षानुवर्षे चालू राहते. प्रत्यक्षात दोघांचे नुकसान होते. विज्ञान म्हणजे दुसऱ्याने केलेली आणि आपण बोलून दाखवायची गोष्ट, हे मूल शिकते. आणि मुलाच्या शिकण्यात आपला वाटा पैसे देण्यापुरता किंवा गुपचूप काम उरकून देण्यापुरता आहे, हे पालक शिकतात.

शाळा पालकांना आज तीन भूमिका देते: खर्च करणारा, आडून करून देणारा आणि बक्षीस समारंभात टाळ्या वाजवणारा. मुलाच्या शेजारी बसून, दोघांनाही उत्तर माहीत नसलेला प्रश्न हातांनी सोडवणारा, ही चौथी भूमिका ती देत नाही. माझे म्हणणे असे आहे की, ही चौथी भूमिका दिल्याशिवाय कृतीतून विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकवण्याचे आपले सगळे उपक्रम अर्धेच राहतील. शिवाय ती भूमिका देण्याची जबाबदारी हौशी, सुशिक्षित पालकांवर सोडून चालणार नाही. ती शाळेने आणि शासनाने घेतली पाहिजे.

महाराष्ट्रात या क्षेत्रात मोलाचे काम झालेले आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेत आली आहे. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने विज्ञान कसे शिकवावे याचा पाया घातला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काड्यापेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकामी रिफिल, जुनी सीडी यांपासून शेकडो खेळणी केली आणि ती कशी करायची हे दाखवणाऱ्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. हे काम मी फार मोठे मानतो. परंतु अशा कार्यशाळांना मूल बहुधा एकटे किंवा वर्गाबरोबर जाते. परत आल्यावर त्याला घरातला बिघडलेला पंखा उघडून पाहायचा असतो आणि घर त्याला पसारा करू नको म्हणून सांगते. घराचा यात दोष नाही. त्या कार्यशाळेत नेमके काय घडले आणि पसाऱ्याशिवाय ते का घडू शकत नाही, हे घरापर्यंत कोणी पोहोचवलेलेच नसते.

आमच्या घरात विज्ञान कुठून असणार, असे अनेक पालक मनापासून म्हणतात. त्यांना माठाचे उदाहरण द्यावेसे वाटते. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते, याचे उत्तर सहावीच्या मुलाला पाठ असते: बाष्पीभवनामुळे. पण नागपूर-अकोल्याकडे माठ जितका गार करतो तितका तो मुंबईत किंवा रत्नागिरीत का करत नाही, तेलरंगाने रंगवलेला शोभेचा माठ अजिबात गार का करत नाही, दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठ मंद का पडतो, आणि आजी माठ वाळूवर ठेवून भोवती ओले फडके का गुंडाळते, हे प्रश्न सुरू झाले की पाठ केलेले उत्तर पुरत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते ती सुमारे ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करण्याइतकी असते. म्हणून माठाच्या भिंतीतून झिरपणारा थोडासा ओलावाही मोठे काम करतो. मात्र हवा आधीच दमट असेल तर तो ओलावा उडणार कसा? विदर्भात घरोघरी चालणारा कूलर कोकणात निरुपयोगी ठरतो त्याचे कारणही हेच आहे. आता एक साधा तापमापक, दोन माठ आणि आठवडाभराची वही एवढे साहित्य एखाद्या कुटुंबाला दिले, तर आजीजवळ निरीक्षण आहे, मुलाजवळ मोजण्याची रीत आहे आणि वडिलांना कूलरची जाळी का बदलावी लागते हे अनुभवाने माहीत आहे. छिद्रे क्षारांनी बुजल्यामुळे माठ मंद पडतो हा अंदाज त्या घरातच निघू शकतो आणि तो तपासण्याची युक्तीही त्या घरातच सुचू शकते. तिघांपैकी कोणालाही एकट्याने हे साधले नसते.

अशी उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. गवंडी पायाची आखणी करताना दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून काटकोन धरतो. त्याची मुलगी शाळेत पायथागोरसचे प्रमेय सिद्ध करते आणि या दोन गोष्टींची भेट होत नाही. तोच गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून घराच्या एका कोपऱ्यातली पातळी दुसऱ्या कोपऱ्यात बिनचूक नेतो. ब्लाउज शिवणारी बाई सपाट कापडाला टक्स घालून गोलाई देते, आणि जिथे ताण घ्यायचा असेल तिथे कापड उरेब कापते, कारण उभ्या-आडव्या धाग्यांच्या तिरक्या दिशेला कापड अधिक ताणले जाते हे तिच्या बोटांना माहीत असते. सपाट पृष्ठापासून वक्र पृष्ठ करण्याचा हा प्रश्न जहाजबांधणीपासून नकाशाशास्त्रापर्यंत सर्वत्र भेटतो. विहिरीचे पाणी पंचवीसेक फुटांच्या खाली गेले की वर बसवलेली मोटर पाणी ओढत नाही, ती खाली उतरवावी लागते, हे शेतकऱ्याला माहीत असते. हवेचा दाब पाण्याचा सुमारे दहा मीटर उंचीचाच स्तंभ तोलू शकतो आणि नळीतली घर्षणे, फूटव्हॉल्व्ह, झिरपणारी हवा यांमुळे प्रत्यक्षात सात-आठ मीटरच हाती लागतात, हे त्याच्या मुलाच्या पुस्तकात असते. मोटर ओढत का नाही, असा प्रश्न शाळेने एकदा बाप-लेकाला एकत्र विचारला, तर पुस्तक आणि विहीर एकमेकांना भेटतील.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसान शहरात लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवले. त्यांनी तिथे शिकवायला नव्हे, शिकायला जायचे होते. शेती, खाणकाम, बांधकाम, घरगुती औषधे, व्यापार यांचे किती ज्ञान त्या घरांत आहे हे शिक्षकांनी टिपले आणि त्यावर वर्गातले पाठ उभे केले. ‘या मुलांच्या घरी काहीच नाही’ हे गृहीतक चुकीचे आहे, एवढे तरी त्या कामाने पक्के दाखवून दिले. आपल्याकडचे त्याहून जुने आणि मला अधिक जवळचे वाटणारे उदाहरण शिरूर तालुक्यातल्या पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतल्या औद्योगिक संशोधनातून बाहेर पडून १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. लोखंडकाम-बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी कामे मुले स्वतः करत आणि त्यातली काही गावाला सेवा म्हणून देत. मुलाने जोडलेले फाटक एखाद्या घराला खरोखर लागले, तर ते वाकडे बसून चालत नाही. तिथे गाव परीक्षक होते आणि गिऱ्हाईकही. पुढे हा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांत पोहोचला, आणि २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळमध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळाही उभी राहिली. कलबागांचा आग्रह काम करता करता शिकण्याचा होता. मी त्यात एवढीच भर घालू इच्छितो की, काम करणाऱ्यांत घरातली मोठी माणसेही असावीत.

या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्याकडे हातांचे काम जातीशी बांधलेले होते आणि पुष्कळ अंशी अजून आहे. घरातल्या व्यवसायाला शाळेत मान देतो असे म्हणत आपण मुलाला पुन्हा त्याच व्यवसायाशी बांधत तर नाही ना? ही भीती काल्पनिक नाही. १९५३मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) यांच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेला वेळ मुलांनी घरच्या व्यवसायात घालवावा अशी योजना आणली होती. ‘कुलशिक्षण’ म्हणून तिला प्रचंड विरोध झाला, आणि १९५४मध्ये राजाजी पायउतार झाल्यावर ती मागे घेण्यात आली. तो विरोध योग्यच होता. शाळेत जाणे हा ज्यांच्यासाठी पिढीजात कामातून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग होता, त्यांना शाळेनेच त्या कामाकडे परत पाठवणे हा अन्याय होता.

म्हणून कुटुंबांबरोबर विज्ञान करायचे तर काही गोष्टी अगदी स्पष्ट असाव्या लागतील. कोणत्याही मुलाला आपल्याच घरच्या कामावर प्रकल्प करायला सांगू नये. गवंडीकाम जाणणारा पालक आला, तर त्याच्यासमोर डॉक्टरचा, तलाठ्याचा आणि दुकानदाराचा मुलगा बसावा, आणि गवंड्याच्या मुलीच्या हाती त्या वेळी सूक्ष्मदर्शक असावा. पालकाला व्यवसायाचा किंवा जातीचा नमुना म्हणून बोलावू नये, एका प्रश्नाचा जाणकार म्हणून बोलवावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाही एखाद्या अनोळखी प्रश्नासमोर इतरांसारखेच विद्यार्थी करावे. वर्गातल्या वीस पालकांसमोर एखादी शेतमजूर बाई ओंब्या पाहून दाणा भरला की नाही हे कसे ओळखते ते सांगते आणि बँकेत काम करणारा पालक ते वहीत लिहून घेतो, तेव्हा ज्ञानाची उतरंड थोडी तरी हलते. ती हलवण्याची संधी एकट्या मुलाला शिकवणाऱ्या कार्यक्रमात नसते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि विषमतेचा आहे. पालकांच्या सहभागावर शिक्षण टेकवले की ज्यांचे पालक दोन पाळ्यांत राबतात, ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात किंवा ज्यांना पालकच नाहीत, ती मुले आणखी मागे पडतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी हे काम गृहपाठ म्हणून देण्याच्या पूर्ण विरोधात आहे. घरी करायला दिलेला प्रकल्प ज्याच्या घरी जागा, पैसा आणि रिकामी संध्याकाळ आहे त्याच्याच सोयीचा असतो. हे काम शाळेच्या इमारतीत, शाळेच्या साहित्यावर, पालकांना जमेल त्या वेळी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी व्हायला हवे. ‘पालक’ या नावाखाली आजी, मामा, मोठी बहीण, शेजारची काकू, कोणीही चालावे. ज्या मुलाबरोबर कोणीच येऊ शकत नाही, त्याला दुसऱ्या कुटुंबाच्या गटात आधीपासून जागा ठेवलेली असावी. आयत्या वेळी त्याला कुठेतरी बसवले की ते त्याला कळते. ऊसतोडीच्या हंगामात हे उपक्रम ज्या गावांतून लोक जातात तिथे ठेवण्यात अर्थ नाही. तिथे ते पावसाळ्यातच व्हावेत.

वेळेच्या प्रश्नाला जोडूनच आईचा प्रश्न येतो. राज्यात २०२२पासून शाळापूर्व तयारीसाठी मातागट तयार झाले आणि आयांनी पहिलीत जाणाऱ्या मुलांकडून घरातल्याच वस्तूंवर वर्गीकरण, मोजणी, तुलना करून घेतली. सरकारी यंत्रणेने मनावर घेतले तर कमी शिकलेल्या आयाही मुलांच्या शिकण्यात भागीदार होऊ शकतात, हे त्यातून दिसले, आणि त्याचे मला कौतुक आहे. परंतु ‘मातागट’ या रचनेतच बापाला सुट्टी मिळते. शिवाय पहिलीनंतर हा धागा सुटतो, आणि विज्ञान व हत्यारे येतात त्या वयात तर घरात स्क्रूड्रायव्हर मुलाकडे आणि लाटणे मुलीकडे ही वाटणी पक्की झालेली असते. कुटुंबांच्या सत्रात बापाने कणीक मळून ती ताणली का जाते हे तपासावे आणि आई व लेकीने मिळून सोल्डरिंग करावे, अशी योजना ठरवूनच करावी लागेल. ती आपोआप होणार नाही.

सत्रे कशी घ्यावीत याबद्दल माझे मत बरेच ठाम आहे. मोठी माणसे मुलाच्या हातातून काम काढून घेतात, हा यातला खरा धोका आहे. प्रेमापोटी, घाईपोटी आणि शेजारच्या गटापेक्षा आपले चांगले दिसावे म्हणून ती तसे करतात. पालकांना वारंवार सूचना देऊन हे थांबत नाही. कामाची निवड बदलल्याने थांबते. उत्तर पालकालाही माहीत नाही असेच काम द्यावे. दोन टेबलांमध्ये एक फुटाचे अंतर आहे; वर्तमानपत्राची चार पाने आणि थोडी खळ एवढ्यावर एक किलो साखरेची पिशवी पेलणारा पूल करा, असे सांगितले की पदवीधर बाप आणि चौथीतली मुलगी जवळजवळ एकाच रेषेवर येतात. सपाट पान खचते, चुण्या घातलेले टिकते, गुंडाळून केलेली नळी आणखी टिकते. मग कोणीतरी वर पाहते आणि वर्गाच्या छपराचा पन्हळी पत्रा दिसतो. पत्र्याला पन्हळी का असतात हा प्रश्न तिथे मुद्दाम विचारावा लागत नाही. जाडी न वाढवता उंची वाढवली की वाकण्याचा विरोध फार झपाट्याने वाढतो, हे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे तत्त्व त्या कुटुंबाने हाताने अनुभवलेले असते. सत्राला स्पर्धेचे रूप मुळीच देऊ नये. क्रमांक आला की दुकानातून तयार प्रतिकृती परत येतील.

पालक चुकीचे सांगतील त्याचे काय, अशी चिंता अनेक शिक्षक व्यक्त करतात. ग्रहणात अन्न विषारी होते, असे कोणी आजोबा सांगतील. सांगू द्यावे. एरवी ती समजूत मुलाच्या मनात घरीच, कोणी न तपासता रुजत असते. सत्रात ती उघड बोलली गेली की ती तपासायची कशी हा प्रश्न सगळ्यांसमोर येतो. आजोबांचा अपमान न करता त्यांच्या म्हणण्याची चाचणी घेणे हे कौशल्य शिक्षकाला शिकवावे लागेल, आणि ते प्रशिक्षण आज क्वचितच कुठे दिले जाते.

यासाठी नवा कायदा किंवा नवी संस्था लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समित्यांच्या बैठकीत इमारत, पोषण आहार, गणवेश यांवर चर्चा होते आणि ती आवश्यकही आहे. शिकण्यावर मात्र पालकांना क्वचितच विचारले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करावे असे म्हटले आहे. ते स्थानिक जाणकार पुष्कळदा त्याच शाळेतल्या मुलांचे पालक असतात. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू घडवून पाहण्याच्या प्रयोगशाळेसाठी, निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर ठेवलेली ही खोली शाळा सुटली की कुलूपबंद होते. महिन्यातून एक रविवार ती कुटुंबांसाठी उघडी ठेवावी, त्या दिवसाचे मानधन शिक्षकाला द्यावे आणि काही तुटले तर त्याची वसुली शिक्षकाकडून होणार नाही अशी लेखी हमी द्यावी. ही शेवटची अट क्षुल्लक नाही. साहित्य कपाटात राहण्याचे सर्वांत मोठे कारण साहित्य नोंदवहीची भीती हेच असते.

सुरुवात करायची तर एक प्रयोग असा आहे की जो महाराष्ट्रात शाळांपेक्षा कुटुंबांनाच अधिक चांगला करता येईल. संपूर्ण राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टच्या ढगांत हरवतो. पहिला मे महिन्यात येतो: पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे, महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत, शेवटच्या आठवड्यात नागपूरला. तेव्हा शाळा बंद असतात आणि मुले आजोळी, काकांकडे, गावी विखुरलेली असतात. कोल्हापुरात सावली शून्य असते त्या दिवशी नागपुरात एक मीटर उंच काठीची सावली माध्यान्ही सुमारे आठ सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन मिळतो, आणि दोन गावांमधले केवळ दक्षिणोत्तर अंतर घेतले, म्हणजे साधारण ४९० किलोमीटर, की पृथ्वीचा परीघ काढता येतो. माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, कोल्हापुरात ती साडेबाराच्या सुमारास आणि नागपुरात बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी होते, हे शोधणे हाच निम्मा अभ्यास आहे. काठी उभी सरळ आहे की नाही हे पाहायला गवंड्याचा ओळंबा लागतो. एका शहरातला मामा आणि दुसऱ्या शहरातली भाची फोनवर मापे सांगू शकतात. शिक्षण विभागाने एप्रिलमध्ये प्रत्येक मुलाच्या हाती आपल्या तालुक्याची तारीख आणि कोरा तक्ता द्यावा, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत सगळी मापे फळ्यावर मांडून, कोणाचे किती चुकले आणि का चुकले, याचा हिशेब पालकांसमोर नव्हे तर पालकांबरोबर करावा.